संगणकातील फाइलींचे नामांतर : सुलभतेचा आणि लिपीचा विचार

१

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला नामाचा विचार नवा नाही. नाम आणि नामी यांचा संबंध स्वाभाविक की सांकेतिक, हा वाद फार प्राचीन आहे. आणि १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या सोस्यूरच्या व्याख्यानसंग्रहानंतर तर चिन्हाची यादृच्छिकता हे तत्त्व या शास्त्राच्या उंबरठ्यावरच शिकविले जाते. परंतु ज्या नामांशी आपला दिवसातून अनेक वेळा संबंध येतो आणि ज्यांच्यावर आपल्या संशोधनसाहित्याची बहुतेक भिस्त असते, त्या संगणकातील फाइलींच्या नामांकडे आपण शास्त्रीय दृष्टीने क्वचितच पाहतो.

प्रस्तुत लेखात या विषयाच्या एकाच अंगाचा विचार करावयाचा आहे. फाइलीला एकदा दिलेले नाव बदलणे, म्हणजे बोलण्यात आपण ज्याला 'रिनेम करणे' म्हणतो, या क्रियेला येथे 'नामांतर' म्हटले आहे. फाइली व फोल्डर पडद्यावर मांडून दाखविणाऱ्या आणि त्यांची हलवाहलव करू देणाऱ्या आज्ञावलीला 'फाइल-व्यवस्थापक' म्हणू. विंडोजमधील एक्स्प्लोरर, मॅकमधील फाइंडर, तसेच लिनक्समधील नॉटिलस, डॉल्फिन व थुनार ही त्याची परिचित उदाहरणे होत.

नामांतर ही क्रिया वरवर पाहता इतकी क्षुल्लक आहे, की तिच्या सोयी-गैरसोयींची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की फाइलीचे नाव एकाच वेळी दोन कामे करते. माणसाच्या दृष्टीने ते एक पद आहे. त्याला अर्थ आहे. यंत्राच्या दृष्टीने तो केवळ एक पत्ता आहे. त्यातील एक चिन्ह बदलले तरी पत्ता चुकतो. नामांतर करताना ही दोन कामे परस्परांसमोर उभी राहतात, आणि त्यांपैकी कोणत्या कामाची काळजी घ्यावयाची व कोणती वापरणाऱ्यावर सोडावयाची, हे फाइल-व्यवस्थापकाची रचना ठरविते. ही रचना प्रायः रोमन लिपी गृहीत धरून झालेली असल्यामुळे तिच्यातील उणिवा देवनागरीत नावे लिहू पाहणाऱ्यास अधिक प्रकर्षाने जाणवतात. हाच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

२

प्रथम एक मूलभूत गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. फाइलीचे नाव सामान्यतः फाइलीत नसते. ते ती फाइल ज्या फोल्डरात असते त्या फोल्डराच्या नोंदवहीत असते. ग्रामोफोनच्या तबकडीवर तिचा क्रमांक तबकडीच्या अंगावरच उमटविलेला असे. वरचे पाकीट हरवले तरी तबकडीची ओळख बुजत नसे. संगणकातील ध्वनिमुद्रणाची स्थिती पाकिटावरील चिठ्ठीसारखी आहे. चिठ्ठी बदलली की आतल्या वस्तूला त्याचा पत्ताही नसतो. यामुळेच दोन तासांच्या ध्वनिमुद्रणाचे नाव बदलावयास जेवढा वेळ लागतो, तेवढाच दोन ओळींच्या टिपणाचे नाव बदलावयास लागतो.

युनिक्स या प्रणालीत तर नामांतरासाठी वेगळी आज्ञाच नव्हती. 'एमव्ही' ही स्थलांतराची आज्ञाच नामांतराचेही काम करी, व आजही करते. प्रारंभी हे काम दोन पावलांत होत असे : त्याच वस्तूची नव्या नावाने दुसरी नोंद करावयाची आणि मग जुनी नोंद पुसावयाची. म्हणजे नामांतराच्या क्षणी फाइलीला दोन नावे असत. १९८३ च्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत ही दोन पावले एकाच अखंड क्रियेत गुंफली गेली, आणि नावाची मर्यादाही १४ चिन्हांवरून २५५ पर्यंत वाढली.

नाव फाइलीबाहेर असते याचा एक महत्त्वाचा परिणाम असा, की त्या नावाने फाइलीला हाक मारणारे इतर दस्तऐवज नामांतरानंतर अंधारात राहतात. आपल्या विभागात याचे उदाहरण दूर शोधावयास नको. नायमेखेन येथील माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेत तयार झालेली 'एलान' ही आज्ञावली क्षेत्रकार्यातील ध्वनिमुद्रणे व त्यांचे लिप्यंकन जुळविण्यासाठी पुष्कळ वापरली जाते. तिची टिपणांची फाइल ध्वनीची फाइल आपल्या पोटात साठवीत नाही. तिचा पत्ता तेवढा लिहून ठेवते. ध्वनिफाइलीचे नाव बदलले, की पुढच्या वेळी एलान 'ही फाइल कोठे आहे' असे विचारते. एक-दोन मुद्रणे असतील तर उत्तर देता येते. परंतु एकाच गावातील तीस निवेदकांची मुद्रणे असतील, नामांतर घाईत झाले असेल आणि जुनी नावे कोठेही लिहून ठेवलेली नसतील, तर कोणता आवाज कोणाचा हे ठरविण्यास ऐकण्यावाचून अन्य साधन उरत नाही. निवेदक हयात नसेल तर तेही अपुरे पडते. सारांश, येथे पणाला लागते ती पुराव्याची विश्वसनीयता.

मॅकच्या 'सिस्टिम ७' या आवृत्तीत १९९१ साली 'एलियस' नावाची सोय आली. ती फाइलीचा अंतर्गत क्रमांकही लक्षात ठेवते. त्यामुळे फाइलीचे नाव बदलले तरी एलियस तिला शोधू शकतो. पत्ता आणि पद यांची कामे वेगळी करण्याचा हा एक यशस्वी प्रयत्न होय. परंतु तो एका प्रणालीपुरताच आहे. साहित्य दुसऱ्या यंत्रावर नेले की पुन्हा नावाचाच आधार उरतो.

३

आता नामांतराची क्रिया पडद्यावर कशी घडते ते पाहू. ऐतिहासिक दृष्ट्या तिच्या तीन अवस्था दिसतात.

पहिली अवस्था आज्ञेची. १९८१ च्या एमएस-डॉसमध्ये 'आरईएन' ही अक्षरे टाइप करून पुढे जुने नाव व त्यापुढे नवे नाव लिहावे लागे. जुने नाव माहीत असूनही ते पुन्हा अचूक लिहावे लागणे, हा या रीतीचा मोठा दोष. दुसरी अवस्था चौकटीची. १९९० च्या विंडोज ३.० मधील फाइल-व्यवस्थापकात मेनूतून नामांतराची निवड केली, की एक स्वतंत्र चौकट उघडे. तीत 'पासून' व 'पर्यंत' अशा अर्थाच्या दोन जागा असत. जुने नाव आयते मिळे, परंतु मूळ यादी चौकटीमागे पडे. तिसरी अवस्था जागच्या जागी लेखनाची. यादीत जेथे नाव दिसते तेथेच ते खोडून नवे लिहावयाचे. मॅकमध्ये ही रीत १९८४ पासून आहे. विंडोजमध्ये ती १९९५ साली आली.

तिसरी अवस्था सर्वांत स्वाभाविक वाटते, कारण पाकिटावरील चिठ्ठी आपण अशीच बदलतो. तथापि तिच्यात एक अडचण दडलेली आहे. यादी समोर असताना कीबोर्डवरील कळ दाबली, तर तिचा अर्थ काय? 'त्या अक्षराने सुरू होणारी फाइल दाखव' असाही अर्थ संभवतो, आणि 'हे अक्षर नावात लिही' असाही संभवतो. एकाच चिन्हाला प्रसंगपरत्वे भिन्न अर्थ असणे यास संगणकाच्या परिभाषेत 'मोड' म्हणतात. झेरॉक्स पार्क येथे काम केलेल्या लॅरी टेस्लर यांनी अशा अवस्थाभेदाविरुद्ध आयुष्यभर प्रचार केला. प्रारंभीच्या मॅकमध्ये फाइलीचे चित्र निवडून नुसते टाइप केले, तरी तिचे नाव बदलत असे. कीबोर्डवर चुकून हात पडला, तरी नामांतर होई. म्हणून सिस्टिम ७ पासून नावावरच टिचकी मारणे किंवा रिटर्न कळ दाबणे आवश्यक केले गेले, आणि नावाभोवती चौकट उमटून अवस्था बदलल्याची खूण मिळू लागली.

विंडोजमध्ये निवडलेल्या फाइलीच्या नावावर पुन्हा एकदा सावकाश टिचकी मारली, की नामांतराची अवस्था सुरू होते. परंतु दोन टिचक्या लागोपाठ मारल्या, तर फाइल उघडते. दोहोंतील सीमा मूळ योजनेप्रमाणे अर्ध्या सेकंदाची आहे. ज्याचा हात संथ आहे, त्याला फाइल उघडावयाची असताना नामांतराची अवस्था मिळते. पुढे तो गोंधळून अन्यत्र टिचकी मारतो. आणि अन्यत्र टिचकी मारणे म्हणजे लिहिलेले नाव मान्य करणे, असा येथे संकेत आहे. नकार द्यावयाचा तर एस्केप ही कळ ठाऊक असावी लागते. संमती नकळत देता यावी व नकारास मात्र विशेष ज्ञान लागावे, ही रचना सदोष म्हटली पाहिजे.

क्रियेला दिलेल्या नावाचाही येथे विचार केला पाहिजे. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये उजव्या टिचकीच्या मेनूतून 'रिनेम' हा शब्द उचलून त्याच्या जागी एक लहानसे चित्र ठेवण्यात आले. त्या चित्राचा अर्थ उकलण्यात लोकांचा वेळ जाऊ लागला. अखेर २०२४ च्या आवृत्तीत चित्राखाली शब्द परत आला. जेथे क्रिया अमूर्त आहे, तेथे चित्रापेक्षा शब्द श्रेष्ठ ठरतो, या जुन्या अनुभवाची ही नवी साक्ष होय.

४

सुलभतेची चर्चा केवळ आवडीनिवडीवर सोडावयाची नसेल, तर तिला मापाची जोड हवी. कार्ड, मोरन व न्यूएल यांनी १९८० साली मांडलेली 'कळ-पातळीची प्रतिकृती' येथे उपयोगी पडते. तिच्यानुसार सराईत माणसाला एक कळ दाबण्यास सुमारे ०.२ सेकंद, माऊसने लक्ष्य गाठण्यास १.१ सेकंद आणि हात कीबोर्डवरून माऊसवर किंवा उलट नेण्यास ०.४ सेकंद लागतात.

समजा, दोनशे ध्वनिमुद्रणांची नावे एकामागून एक बदलावयाची आहेत. नवे नाव टाइप करण्याचा व विचाराचा वेळ सर्वत्र सारखाच असल्याने तो वगळू. पहिली रीत माऊसची : हात माऊसवर, फाइलीपर्यंत जाणे, टिचकी, मेनूतील शब्दापर्यंत जाणे, टिचकी, हात पुन्हा कीबोर्डवर, आणि शेवटी एंटर. याची बेरीज ३.६ सेकंद होते. दुसरी रीत कळांची : एंटर, खालचा बाण, आणि नामांतराची एफ२ ही कळ, बेरीज ०.६ सेकंद. तिसरी रीत विंडोजच्या अलीकडील आवृत्त्यांतील टॅब कळीची : एकाच दाबात चालू नाव मान्य होते व पुढच्या फाइलीचे नाव खुले होते, बेरीज ०.२ सेकंद. दोनशे फाइलींचा हिशेब केला, तर पहिल्या रीतीस १२ मिनिटे, दुसरीस २ मिनिटे व तिसरीस ४० सेकंद लागतात.

हा हिशेब अर्थातच आदर्श परिस्थितीचा आहे. व्यवहारात एक विघ्न येते. यादी नावांच्या क्रमाने लावलेली असेल, तर नाव बदलताच ती फाइल कित्येक व्यवस्थापकांत आपली जागा सोडून नव्या नावाच्या जागी जाते. 'पुढची फाइल' म्हणजे कोणती, हेच मग बदलते. यावर साधा उपाय असा, की मोठे काम हाती घेण्यापूर्वी यादी दिनांकाच्या क्रमाने लावावी. नाव बदलल्याने दिनांकाचा तो क्रम मोडत नाही. परंतु हा उपाय माणसाला सुचावा लागतो. व्यवस्थापक तो सुचवीत नाही.

५

फाइलीच्या नावाची घटना व्याकरणाच्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. बहुतेक नावांत एक मूळ भाग, मग टिंब, आणि टिंबापुढे ज्याला 'एक्स्टेन्शन' म्हणतात तो भाग असतो. मूळ भागास 'प्रकृती' व पुढील भागास 'प्रत्यय' म्हणण्यास हरकत नाही. डॉसमध्ये प्रकृतीस आठ व प्रत्ययास तीन चिन्हांची मर्यादा होती. प्रत्ययावरून फाइलीचा वर्ग कळतो, आणि ती कोणत्या आज्ञावलीने उघडावयाची ते ठरते. जुन्या मॅकमध्ये मात्र हा वर्ग नावात नसून चार-चार चिन्हांच्या दोन गुप्त संकेतांत वेगळा नोंदलेला असे. त्यामुळे तेथे नाव हे निव्वळ नाव होते; ते कसेही बदलले तरी फाइल उघडण्यास बाध येत नसे. २००१ च्या मॅक ओएस एक्सपासून मॅकनेही प्रत्ययाचा मार्ग स्वीकारला.

प्रत्यय नावाचा भाग झाला, की नामांतरात तो चुकून पुसला जाण्याचे भय निर्माण होते. त्यावर विंडोज ९५ ने असा तोडगा काढला, की परिचित प्रत्यय दाखवूच नयेत. ही योजना मूळ स्वरूपात आजही चालू आहे. तिचे दुष्परिणाम मे २००० मध्ये जगाने पाहिले. 'आय लव्ह यू' या नावाने ओळखल्या गेलेल्या संगणकीय किड्याची फाइल '.टीएक्सटी.व्हीबीएस' अशा दोन प्रत्ययांची होती. शेवटचा खरा प्रत्यय दडलेला असल्याने कित्येकांना ती साधे टिपण वाटली व त्यांनी ती उघडली. जे बदलू नये असे वाटते ते लपविणे, हा मार्ग सुरक्षित नाही, हे यावरून सिद्ध होते.

त्याहून चांगला मार्ग २००७ च्या विंडोज व्हिस्टामध्ये आला. नामांतर सुरू करताच नाव सगळे दिसते, परंतु निवड होते ती केवळ प्रकृतीची. प्रत्यय निवडीबाहेर राहतो. टाइप केले की प्रकृती बदलते व प्रत्यय अबाधित राहतो. प्रत्यय बदलावयाचाच असेल, तर मुद्दाम तेथवर जावे लागते. त्यापूर्वीच्या विंडोजमध्ये, प्रत्यय दाखविण्याची सोय चालू केल्यास, सगळे नावच निवडले जाई.

मराठी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक इंग्रजी लिहिणाऱ्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. इंग्रजी लिहिणाऱ्याचा प्रत्यय पुसला गेला, तर त्याला तीन-चार अक्षरे पुन्हा टाइप करावी लागतात, इतकेच. मराठी लिहिणाऱ्याला कीबोर्ड देवनागरीवरून रोमनवर न्यावा लागतो, प्रत्यय लिहावा लागतो, आणि पुढच्या फाइलीसाठी कीबोर्ड पुन्हा देवनागरीवर आणावा लागतो. दोनशे फाइलींत चारशे वेळा लिपी बदलणे कोण सहन करील? साहजिकच तो नावे रोमनमध्येच लिहू लागतो. लिपीच्या निवडीचा निर्णय येथे भाषाप्रेमाने होत नाही. तो निवडीच्या एका निळ्या पट्टीने होतो.

प्रत्यय बदलताना दिल्या जाणाऱ्या इशाऱ्यांची तुलनाही उद्बोधक आहे. विंडोज सांगते, की प्रत्यय बदलल्यास फाइल निरुपयोगी होण्याचा संभव आहे, आणि 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर मागते. फाइंडर मात्र बटणांवरच पर्याय लिहितो : जुना प्रत्यय नावानिशी 'ठेवा', किंवा नवा प्रत्यय नावानिशी 'वापरा'. पहिल्या रीतीत प्रश्न नीट वाचल्यावाचून उत्तर देता येते. दुसरीत उत्तरातच क्रिया व कर्म आल्यामुळे घाईतही अर्थ कळतो. येथे हेही सांगितले पाहिजे, की प्रत्यय बदलल्याने फाइलीचा आशय बदलत नाही. '.डीओसीएक्स' च्या जागी '.पीडीएफ' लिहिले म्हणजे दस्तऐवजाचे रूपांतर होते, हा समज विद्यार्थ्यांत अधूनमधून आढळतो. तो निराधार आहे.

६

नावात कोणती चिन्हे चालतात, याचेही नियम आहेत. युनिक्स परंपरेत तिरपी रेघ व शून्यचिन्ह एवढीच वर्ज्य आहेत. विंडोजमध्ये दोन्ही तिरप्या रेघा, अपूर्णविराम, तारका, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, दोन्ही कोनकंस व उभी रेघ अशी नऊ चिन्हे वर्ज्य आहेत. आता गंमत अशी, की अव्याकरणिक वाक्यासाठी तारका, संदिग्ध वाक्यासाठी प्रश्नचिन्ह, स्वनिमासाठी तिरप्या रेघा आणि वर्णिमासाठी कोनकंस ही भाषाविज्ञानाची नित्याची चिन्हे आहेत. त्यांपैकी कोणतेही लिहिताच एक्स्प्लोरर तेथल्या तेथे वर्ज्य चिन्हांची यादी दाखवितो. दोष घडताक्षणी, दोषाच्या जागी, व कारणासह सांगितला जातो. ही उत्तम रीत होय. परंतु सहायक क्रियापदांच्या फोल्डरास कोणी रोमन लिपीत 'एयूएक्स' हे रूढ संक्षिप्त नाव दिले, तर उपकरणाचे नाव अवैध असल्याचा संदेश येतो. डॉसच्या काळापासून ही तीन अक्षरे एका उपकरणासाठी राखीव आहेत. हे ज्याला ठाऊक नाही, त्याला त्या संदेशावरून काहीही बोध होत नाही.

देवनागरीतील नावांचा प्रश्न याहून खोल आहे. युनिकोडपूर्व काळात मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टांच्या बळावर पडद्यावर उमटे. फाइलींची नावे मात्र प्रणालीच्या स्वतःच्या फॉन्टात दिसत. त्यामुळे आत मराठी असलेल्या फाइलीचे नावही रोमनमध्येच लिहावे लागे. २००० सालच्या विंडोजपासून देवनागरीचा आधार मिळाला, तरी जुनी सवय टिकून राहिली. आता नावे देवनागरीत लिहिता येतात; परंतु तीन अडचणी लक्षात ठेवल्या पाहिजेत.

पहिली लांबीची. विंडोजच्या एनटीएफएस या रचनेत नावाची मर्यादा २५५ चिन्हघटकांची आहे, तर लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये ती २५५ बाइटांची आहे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट व्यापतो. म्हणजे लिनक्समध्ये देवनागरी नावाला ८५ घटकच मिळतात. शिवाय घटक म्हणजे अक्षर नव्हे. 'क्षत्रिय' या शब्दात आपल्याला तीन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबी ते आठ घटक व २४ बाइट होतात. विंडोजमध्ये निर्वेध चाललेले लांब नाव लिनक्सवर नेताना नाकारले जाते, ते यामुळे.

दुसरी अडचण सरूपतेची, आणि ती मराठीला विशेष जाचक आहे. 'वऱ्हाड' या शब्दातील अर्धा र तीन प्रकारे लिहिता येतो : ऱ हे स्वतंत्र चिन्ह घेऊन, र ला नुक्ता जोडून, किंवा र, हलन्तचिन्ह व एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पहिले दोन प्रकार युनिकोड सममूल्य मानते. तिसरा मानीत नाही. तसेच 'ॲ' हे २००८ साली युनिकोडात आलेले चिन्ह आणि अ वर चंद्र देऊन केलेले रूप डोळ्यांस एकच दिसतात, परंतु यंत्रास भिन्न आहेत. एनटीएफएस व ईएक्सटी४ नावे जशी लिहिली तशीच साठवितात. सममूल्य रूपेही एक करीत नाहीत. परिणामी एकाच फोल्डरात 'वऱ्हाडी' नावाच्या, डोळ्यांस तंतोतंत सारख्या, दोन फाइली सुखाने नांदू शकतात. एका पद्धतीने शोध घेतला, तर दुसऱ्या पद्धतीचे नाव सापडेलच असे नाही. पद आणि पत्ता यांची फारकत येथे पूर्ण होते : पद एक आणि पत्ते दोन.

तिसरी अडचण दुरुस्तीची. बहुतेक प्रणालींत बाणाची कळ पूर्ण अक्षर ओलांडते, बॅकस्पेस एकच घटक पुसते आणि डिलीट सगळे अक्षर पुसते. 'त्रि' मधील वेलांटी तेवढी बदलावयाची, तर त्या अक्षराच्या पुढे जाऊन मागे पुसत यावे लागते. मोठ्या मजकुरात हे चालून जाते. परंतु नावाच्या अरुंद चौकटीत, बारीक अक्षरांत, काय पुसले गेले तेही नीट दिसत नाही.

७

अनेक फाइलींचे एकदम नामांतर ही गरज संशोधकास वारंवार भासते. विंडोजमध्ये अनेक फाइली निवडून एक नाव दिले, की सर्वांना तेच नाव मिळून पुढे कंसात अनुक्रमांक पडतात. हे सोपे खरे, परंतु मुद्रकयंत्राने दिलेला दिनांक-वेळ असलेले जुने नाव त्यात नष्ट होते. मॅकमध्ये २०१४ च्या योसेमिटी आवृत्तीपासून शब्दाच्या जागी शब्द घालणे, मजकूर जोडणे व क्रमांक देणे अशा तीन रीती उपलब्ध आहेत. नॉटिलसमध्ये ही सोय २०१६ साली आली. तेथे जुने व नवे नाव शेजारी-शेजारी मांडून दाखविले जाते, आणि दोन नावे एकच होत असतील तर तसे आधीच सांगितले जाते. सामुदायिक नामांतरात पूर्वदर्शन ही चैन समजू नये. जेथे एका चुकीने दोनशे नावे बिघडतात, तेथे कृतीपूर्वी परिणाम दाखविणे हे रचनेचे कर्तव्यच ठरते.

केलेले नामांतर मागे घेण्याची सोय एक्स्प्लोरर व फाइंडर दोन्हींत आहे. परंतु ती स्मृती अल्पजीवी असते. यंत्र बंद करून दुसऱ्या दिवशी सुरू केल्यावर जुनी नावे विचारण्याची सोय नाही. म्हणून ज्याला आपले साहित्य टिकवावयाचे आहे, त्याने ही स्मृती स्वतः लिहून ठेवली पाहिजे.

क्रमांकांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. अक्षरक्रमाने लावले असता '१०' हा '२' च्या आधी येतो. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून एक्स्प्लोरर आकड्यांचे मोल ओळखून क्रम लावतो. परंतु इतर सर्व आज्ञावली तसे करतीलच असे नाही. म्हणून '००१', '००२' असे लिहिणे श्रेयस्कर. दिनांक वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावा; १९८८ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ८६०१ या प्रमाणकातही हाच क्रम आहे, आणि त्यायोगे अक्षरक्रम व कालक्रम एक होतात. देवनागरी व रोमन आकडे एकाच फोल्डरात मिसळू नयेत. चिन्हसंकेतांच्या क्रमाने लावल्यास त्यांच्या दोन वेगळ्या रांगा होतात.

८

वरील विवेचनावरून कोणत्याही फाइल-व्यवस्थापकाची परीक्षा घेण्यास चार प्रश्न पुरेसे आहेत. नामांतर करताना सगळे नाव दिसते काय? जे बदलू नये ते लपविल्यावाचून राखले जाते काय? संमतीइतकाच नकारही सोपा आहे काय? आणि दोन नावे आपल्या लिपीत एक दिसतात पण यंत्रात भिन्न आहेत, हे व्यवस्थापक आपणास सांगतो काय? पहिल्या तिन्हींची उत्तरे गेल्या चार दशकांत पुष्कळ सुधारली आहेत, तरी ती सर्वत्र समाधानकारक नाहीत. चौथ्या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर आपल्या नित्याच्या वापरातील व्यवस्थापकांकडून मिळत नाही. तो प्रश्न रोमन लिपीत लिहिणाऱ्यास सहसा पडत नाही. तो विचारणे हे आपले काम आहे, आणि त्यासाठी लागणारे ज्ञान संगणकशास्त्रापेक्षा भाषाविज्ञानाच्या विभागातच अधिक आहे. देवनागरीतील सरूप परंतु भिन्न-संकेत रूपांची मराठीपुरती संपूर्ण सूची करणे, हा पदव्युत्तर प्रबंधिकेस योग्य असा विषय आहे.

तोवर क्षेत्रकार्य करणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. मुद्रकयंत्राने दिलेल्या मूळ नावाची एक प्रत कधीही न बदलता वेगळी ठेवावी. नामांतर करावयाचे ते दुसऱ्या प्रतीवर करावे. जुने नाव, नवे नाव व दिनांक अशी तीन रकान्यांची नोंदवही त्याच फोल्डरात असावी. एलानसारख्या आज्ञावलीत ध्वनिफाइल जोडण्यापूर्वीच नावे निश्चित करावीत. प्रत्यय नेहमी दिसतील अशी सोय करून घ्यावी. देवनागरी नावे अवश्य लिहावीत, परंतु एकाच कीबोर्डाने व ऱ, ॲ यांसारख्या चिन्हांची एकच पद्धत ठरवून लिहावीत. संघात अनेक जण काम करीत असतील, तर ती पद्धत पहिल्याच दिवशी लिहून सर्वांस द्यावी.

निवेदक आपल्या ओट्यावर बसून जे सांगतो, ते पुन्हा तसेच सांगितले जाणे संभवत नाही. त्याच्या शब्दांपर्यंत पोहोचण्याचा एकमेव मार्ग पुष्कळदा फाइलीचे एक नाव असते. ते बदलताना खर्ची पडणारे दोन क्षण म्हणूनच आपल्या शास्त्राच्या पद्धतीचा भाग मानले पाहिजेत.